चौऱ्याहत्तर हजार किलोमीटरची पिकअप आणि दोन लाख अडतीस हजार किलोमीटरची पिकअप: जुनी गाडी पारखण्याचे एक प्रकरण

जुन्नर तालुक्यातील ओतूर परिसरातल्या एका तरुण शेतकऱ्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये जुनी पिकअप घेण्याचे ठरवले. तोपर्यंत तो आपला आणि शेजाऱ्यांचा माल भाड्याच्या गाडीने पाठवत असे. हंगामात नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटो आणि उरलेल्या काळात माळशेज घाटमार्गे वाशीच्या बाजारात भाजीपाला, असे त्याचे काम होते. त्याच्यासमोर दोन बोलेरो पिकअप आल्या. त्यांतली कोणती घ्यावी हे ठरवण्यासाठी गावातील एका जुन्या मिस्त्रींसोबत मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. खरेदी, कागदपत्रे आणि लगेचची दुरुस्ती मिळून साडेचार लाखांच्या आसपास भागावे, अशी त्याची अपेक्षा होती.

पहिली गाडी पुण्याजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे उभी होती. तिची नोंदणी जून २०१८ ची, मीटर ७४,३१२ किलोमीटर दाखवत होते आणि मागणी सव्वापाच लाखांची होती. दुसरी गाडी संगमनेर तालुक्यात एका चालक-मालकाकडे होती. तिची नोंदणी नोव्हेंबर २०१७ ची, मीटर २,३८,००० च्या पुढे गेलेले आणि मागणी चार लाख चाळीस हजारांची होती. दोन्ही बीएस-४ (प्रदूषणाच्या त्या मानकाच्या) डिझेल गाड्या, दोन्ही वित्त कंपन्यांच्या कर्जावर घेतलेल्या. खरेदीदाराच्या घरच्यांचा कल साहजिकच पहिल्या गाडीकडे होता, कारण तिप्पट कमी चाललेली आणि वयाने लहान गाडी ऐंशी-पंच्याऐंशी हजार जास्त देऊन मिळत असेल, तर ती स्वस्तच पडते असा त्यांचा हिशेब होता. मीटरवरचा आकडा खरा असता, तर हा हिशेब चुकीचा नव्हता.

आकडा शक्य आहे का, हा पहिला प्रश्न

मालवाहू गाडीचे रनिंग पाहताना आम्ही आधी तिचे काम विचारतो आणि मग भागाकार करतो. ७४,३१२ किलोमीटर सुमारे साडेपाच वर्षांत, म्हणजे वर्षाला साधारण साडेतेरा ते चौदा हजार, आणि वर्षातले तीनशे दिवस धरले तर दिवसाला पंचेचाळीस किलोमीटर. गाडी उपनगरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाची होती, सिमेंटची पोती आणि पाइप जवळपासच्या बांधकामांवर पोहोचवण्यापुरतीच वापरली, असे व्यापाऱ्याने सांगितले होते. दुकानाच्या गाडीचे रनिंग खरोखर एवढेच असू शकते. त्यामुळे केवळ भागाकारावरून ही गाडी बाद करता येत नव्हती, आणि तशी ती करूही नये. कमी चाललेल्या प्रत्येक गाडीचे मीटर फिरवलेले असते असे गृहीत धरणारा ग्राहक चांगल्या गाड्याही हातच्या घालवतो.

संगमनेरच्या गाडीचे काम वेगळे होते. ती रोज सकाळी आणि संध्याकाळी गावोगावच्या संकलन केंद्रांवरून दुधाचे कॅन गोळा करून शीतकरण केंद्रावर नेत असे. मार्ग ठरलेला होता आणि दोन्ही फेऱ्यांचे मिळून अंतर एकशे दहा किलोमीटर होते. दूध रविवारी थांबत नाही आणि सणालाही थांबत नाही. २०२० च्या टाळेबंदीतही ते थांबले नव्हते. एकशे दहा गुणिले तीनशे पासष्ट म्हणजे वर्षाला चाळीस हजारांच्या वर आणि सहा वर्षांत दोन लाख चाळीस हजार. मीटरवर २,३८,००० होते, आणि मधले काही दिवस गाडी दुरुस्तीसाठी उभी होती हे मालकाच्या वहीतच लिहिलेले होते.

पहिली गाडी: लहान खुणा

व्यापाऱ्याकडे पोहोचलो तेव्हा गाडी धुऊन, पुसून, नव्या सीट कव्हरसह तयार होती. हौदा नुकताच रंगवलेला होता आणि चारही टायर नवे होते. मिस्त्रींनी पहिल्यांदा रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला. तो गरम होता. म्हणजे आम्ही येण्यापूर्वीच गाडी सुरू करून ठेवली होती. डिझेल इंजिनाची खरी स्थिती थंड असताना सुरू करण्यात कळते, म्हणून मिस्त्रींनी त्या दिवशी इंजिनाबद्दल मत देण्यास नकार दिला आणि बाकीचे तपासायला घेतले.

नव्या टायरांना विचारण्यासारखे काही नसते, पण स्टेपनीला असते. स्टेपनीचा टायर गुळगुळीत झालेला होता आणि त्याच्या बाजूवरच्या लंबगोलात शेवटचे चार अंक ३२१९ होते, म्हणजे तो २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी २०१८ मध्ये नोंदवलेली असल्याने हा टायर कारखान्यातून आलेल्या संचातला नव्हता. मग हिशेब असा झाला: मूळ संच संपला, दुसरा संच बसला आणि तोही झिजला, आणि आता तिसरा नवा संच बसवला. भार वाहणाऱ्या पिकअपचे टायर लवकर जातात हे मान्य केले तरी चौऱ्याहत्तर हजारांत दोन संच पूर्ण संपणे पटत नव्हते. पंक्चर झाल्यामुळे एकच टायर मधेच बदलला असण्याची शक्यता मात्र उरत होती, म्हणून ही खूण आम्ही संशय वाढवणारी मानली, सिद्ध करणारी नाही.

चालकाच्या जागेकडे पाहिले तेव्हा क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचे रबर कोरे करकरीत होते, पण क्लचचे पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवल्यावर ते आपल्या पिनेवर चांगलेच डुलत होते. रबर दोनशे-तीनशे रुपयांत बदलता येते. पिन आणि बुश लाखो वेळा दाबल्याशिवाय असे झिजत नाहीत. किल्लीचे दात गोलसर झाले होते. चालकाचा दरवाजा उघडताना किंचित खाली येत होता आणि लावताना उचलून लावावा लागत होता, तर क्लीनरच्या बाजूचा दरवाजा जागच्या जागी बसत होता.

मग मिस्त्री गाडीखाली गेले. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, काळ्या रंगाने फवारलेली होती. चॅसी रंगवणे हा काही गुन्हा नाही, पण हा रंग ब्रेकच्या नळ्यांवर, रबरी बुशांवर आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पवरही एकसारखा बसला होता. गंज काढून, काळजीने रंगवणारा माणूस असे करत नाही. झाकायचे असते तेव्हाच सगळ्यावर एकदम फवारा मारला जातो. मागच्या कमानीत कंपनीच्या पाट्यांपेक्षा एक पाटा जास्त होता, आणि कमान चॅसीला जिथे टांगलेली असते त्या मागच्या हँगरजवळ रंगाखालून वेल्डिंगची उंचवट्याची रेघ बोटाला लागत होती. जादा पाटा हा भार जास्त भरल्याचा पुरावा असतो. हँगरजवळचे वेल्डिंग म्हणजे तो भार चॅसीला झेपला नाही याची नोंद असते. ही गोष्ट मला संपूर्ण तपासणीत सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण इंजिन दुरुस्त होते, गिअरबॉक्स दुरुस्त होतो, पण तडा गेलेल्या चॅसीवर दीड टन टोमॅटो घालून माळशेजचा घाट रात्री उतरण्याची जोखीम कोणत्याही किमतीने भरून निघत नाही.

निर्णायक खूण मात्र बॉनेटखाली सापडली. एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने लिहिलेले होते: १६१४०० आणि त्याखाली ३/२२. गॅरेजमध्ये फिल्टर बदलला की मिस्त्री असे लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला विचारावे लागत नाही. गाडी धुणाऱ्याने, रंगवणाऱ्याने आणि मीटर मागे घेणाऱ्याने हे झाकण उघडलेच नव्हते. मार्च २०२२ पर्यंत पावणेचार वर्षांत एक लाख एकसष्ट हजार, म्हणजे वर्षाला त्रेचाळीस हजारांच्या आसपास. त्याच गतीने नोव्हेंबर २०२३ पर्यंत गाडी दोन लाख तीस हजारांच्या पुढे गेलेली असणार.

झाकण दुसऱ्या गाडीचे बसवले असेल, असे व्यापारी म्हणाला. तेही अशक्य नव्हते. म्हणून खरेदीदाराने त्याला साधी विनंती केली, “शेठ, अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवर शेवटची नोंद किती किलोमीटरला आहे, एवढे तुम्हीच फोन करून विचारा.” ही नोंद मालकाच्या किंवा विक्रेत्याच्या सांगण्यावरून मिनिटभरात मिळू शकते. व्यापाऱ्याने गाडी बाहेरच सर्व्हिस होत होती असे सांगून विषय बदलला. नोंदणी प्रमाणपत्रावरून गाडी क्रमांक आणि चॅसी क्रमांकाचे शेवटचे चार अंक घेऊन आम्ही महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर पाहिले, तर जुनी चलने तळेगाव, खालापूर, पनवेल आणि भिवंडी येथली होती, बहुतेक रात्रीची, आणि ती एकाच वर्षाची नव्हती. चलनावरून किलोमीटर मोजता येत नाहीत, पण गाडी फक्त उपनगरात पोती पोहोचवत होती ही गोष्ट त्याने संपली. दंडाची वसुली बाकी आहे का एवढेच पाहून लोक ते पान बंद करतात. त्यावरची ठिकाणे आणि वेळा वाचणे जास्त उपयोगाचे असते.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जुन्या, केबलवर चालणाऱ्या मीटरची केबल काढून ठेवली जात असे. अंकी मीटरमध्ये आकडा साठवणारी चीप संगणकाला जोडून तिच्यातला आकडाच बदलला जातो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. परिवहन कार्यालयातील योग्यता तपासणी, म्हणजे ज्याला सगळे पासिंग म्हणतात, ती गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे एवढेच सांगते. मीटरच्या खरेपणाची हमी देत नाही. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आहे आणि गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात गेल्याची माहिती नमुना २९सी मध्ये कळवायची असते. आम्ही ते प्राधिकारपत्र पाहायला मागितले. ते दाखवले गेले नाही. गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवल्याचे वित्त कंपनीचे ना-हरकत पत्रही हातात नव्हते, “येत्या आठवड्यात मिळेल” असे होते. आम्ही टोकन न देता परतलो.

दुसरी गाडी: दिसायला वाईट

संगमनेरच्या गाडीने पाहताक्षणी कोणाचेही मन घेतले नसते. पुढचा बंपर पोचलेला, सीटचा फोम बाहेर आलेला, हौद्याच्या कडा गंजलेल्या. दुधाची गाडी रोज धुतली जाते, सांडलेले दूध आंबते, पाणी रबरी चटईखाली साचते, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. चटई उचलल्यावर हौद्याच्या दोन कोपऱ्यांत पत्र्याला आरपार भोके दिसली. मालक साठीच्या आसपासचे होते. त्यांनी चटई आमच्या आधी स्वतःच उचलली.

आम्ही सकाळी लवकर, गाडी सुरू होण्यापूर्वी येऊ असे आदल्या दिवशी कळवले होते. बॉनेट थंडगार होते. दुसऱ्या स्टार्टरला इंजिन सुरू झाले, पांढरा धूर आला आणि अर्ध्या मिनिटात निघून गेला. थंडीच्या दिवसांत एवढा धूर डिझेल नीट न जळल्याचा असतो आणि तो चालतो. निळा धूर आला असता तर ऑइल जळत असल्याचे कळले असते, आणि पांढरा धूर थांबलाच नसता तर हेड गॅस्केटची किंवा इंजेक्टरची शंका घ्यावी लागली असती. मिस्त्रींनी चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून त्याच जागी उलटे ठेवले. ते थोडे थरथरले पण उडाले नाही, आणि तोंडातून धुराचा लोट आला नाही. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधून रिंगांच्या कडेने खाली निसटणारा दाब, मर्यादेत होते. १,९२,००० ला हाफ इंजिनचे काम झाले होते आणि रिंगा, बेअरिंगे, हेडचे फेसिंग यांची बिले होती.

बिलांपेक्षाही वही मोलाची ठरली. दूध संघाच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवायचा म्हणून मालक रोजचे मीटर आणि पंपावर भरलेले डिझेल शाळेच्या वहीत लिहीत आले होते. एका पानावर ऑगस्ट २०२१ होता: डाव्या रकान्यात तारीख, मग मीटर, मग लिटर, आणि महिन्याच्या शेवटी एक रेघ मारून २५८ लिटर आणि ३,३६० किलोमीटर. म्हणजे लिटरला तेरा. आम्ही मधली चार-पाच पाने उघडून असाच भागाकार केला आणि ॲव्हरेज साडेबारा ते साडेतेराच्या मध्ये राहिले. कोणी नंतर बसून खोटी वही लिहिली असती, तर पंपाच्या पावत्यांशी, गॅरेजच्या बिलांवरच्या किलोमीटरशी आणि फेरीच्या अंतराशी ती एकाच वेळी जुळवणे त्याला जमले नसते. या जुळण्यावर मी विश्वास ठेवतो. मीटरचा आकडा मोठा आहे की लहान, यापेक्षा तो आजूबाजूच्या पुराव्यांत बसतो का, हे मला महत्त्वाचे वाटते. आणि या प्रकरणात निष्कर्ष असा निघाला की दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच चाललेल्या होत्या. फरक एवढाच होता की एकीचे चालणे लिहून ठेवलेले होते आणि दुसरीचे पुसलेले.

भाराचाही फरक होता. दुधाचे कॅन भरून परततानाच पूर्ण भार येतो, आणि तोही ठरलेलाच. म्हणून पाटे कंपनीच्या संख्येइतकेच होते, पाटे चॅसीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश झिजलेले पण जागेवर होते, आणि चॅसीवर हँगर ते हँगर हात फिरवून कुठेही वेल्ड लागला नाही. चॅसी क्रमांकाचे अक्षर एकसारख्या खोलीचे होते आणि नोंदणी प्रमाणपत्राशी जुळत होते.

भरलेली गाडी चढावर

रिकाम्या पिकअपची चाचणी घेणे मला अपुरे वाटते, कारण रिकाम्या गाडीचा क्लच घसरत नाही आणि गिअर बाहेर येत नाही. म्हणून आम्ही ओळखीच्या दुकानातून सिमेंटची वीस पोती, म्हणजे बरोबर एक टन, हौद्यात घालून पुणे-नाशिक महामार्गावर चंदनापुरी घाटापर्यंत गेलो. मालकांची हरकत नव्हती. “घाटात नेल्याशिवाय घेऊच नको, बाळा,” असे ते खरेदीदाराला स्वतःच म्हणाले.

चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढत होता पण वेग त्या प्रमाणात वाढत नव्हता. क्लचप्लेट संपत आली होती. तिसऱ्यावरून दुसऱ्यात आणताना खर्रकन आवाज येत होता, म्हणजे दुसऱ्या गिअरचा सिंक्रो रिंग, गिअर आवाज न करता पडावा म्हणून असलेली कडी, झिजला होता. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. उतरताना दुसऱ्या गिअरवर सोडल्यावर गिअर आपोआप निसटतो का हे पाहिले. तो निसटला नाही. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत नव्हती. परत आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागी हात लावून उष्णता पाहिली: डावे मागचे चाक इतरांपेक्षा गरम होते, तिथला ब्रेक किंचित पकडत होता.

किंमत आणि कागद

मिस्त्रींनी तिथेच हिशेब मांडला. क्लचचा पूर्ण संच मजुरीसह अकरा हजार, हौद्याचा तळ नव्या पत्र्याने करणे अठरा हजार, मागचे दोन टायर चौदा हजार, गिअरबॉक्स उघडून दुसऱ्याचा सिंक्रो बदलणे बारा हजार; एकूण पंचावन्न हजार. हा कागद मालकांसमोर ठेवून बोलणी झाली आणि सौदा तीन लाख ऐंशी हजारांवर ठरला. दोष दाखवून घासाघीस करणे आणि खर्चाचा आकडा दाखवून किंमत ठरवणे यांत फरक असतो. दुसऱ्या पद्धतीत विकणाऱ्याचाही अपमान होत नाही.

सौद्याची एक अट पासिंगची होती. मालवाहू गाडीला आठ वर्षे होईपर्यंत योग्यता प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. नोव्हेंबर २०१७ च्या या गाडीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. पासिंग करून देणे मालकांकडे आले आणि त्यासाठी लागणारे ब्रेकचे काम, दिवे आणि रिफ्लेक्टर पट्ट्या हा खर्चही त्यांनीच केला. आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात व्यावसायिक गाड्यांना पर्यावरण कर लागतो, हे खरेदीदाराने आपल्या पुढच्या हिशेबात आधीच धरले. २०१८ ची गाडी यात अर्ध्या वर्षाने सरस ठरत होती, पण तेवढ्याने चॅसीचा प्रश्न सुटत नव्हता.

कर्ज फिटून दोन वर्षे झाली होती, तरी नोंदणी प्रमाणपत्रावर बोजा तसाच होता. असे फार ठिकाणी आढळते. हप्ते संपले की लोक निश्चिंत होतात. वित्त कंपनीचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन आधी बोजा उतरवला, मगच मोठी रक्कम दिली. गाडी श्रीरामपूर कार्यालयाच्या एमएच-१७ मालिकेतील आणि जुन्नर तालुका पिंपरी-चिंचवड कार्यालयाच्या हद्दीत असल्यामुळे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागले. त्यानंतर २९ आणि ३० हे हस्तांतराचे नमुने भरले गेले. मालक काका हस्तांतरासाठी स्वतः आग्रही होते आणि त्यांचे बरोबर होते: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात, नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार राहतो, असे स्पष्ट केले आहे. विमा खरेदीदाराच्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत दिला. विक्रीच्या करारनाम्यात गाडीच्या क्रमांकासोबत त्या दिवशीचे मीटर अंकी आणि अक्षरी लिहिले. मीटरची लेखी नोंद असेल तर फसवणुकीच्या तक्रारीला आधार मिळतो, आणि खरा आकडा सांगणारा विकणारा तशी नोंद करायला कधीच कचरत नाही.

दुरुस्तीच्या अंदाजांपैकी गिअरबॉक्सचा चुकला. उघडल्यावर सिंक्रो रिंगसोबत दुसऱ्या गिअरचे दातही कडेला झिजलेले निघाले आणि बारा हजारांऐवजी एकोणीस हजार लागले. क्लच, टायर आणि हौदा ठरल्याप्रमाणे झाले. हौद्याच्या तळाला नवा पत्रा घालताना पाणी साचू नये म्हणून चारही कोपऱ्यांत निचऱ्याची छिद्रे ठेवली. खरेदीदाराने काकांची वही मागून घेतली आणि तिच्यातल्या शेवटच्या ओळीखालीच आपली पहिली नोंद केली: तारीख, मीटर, लिटर.